रस्त्याचा पडदा

परवा आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवून आले. डावीकडे ‘तेव्हाचं वडसा’, उजवीकडे ‘आताचं वडसा’. डावीकडे काळापांढरा स्टेशन रोड होता. दोन्ही बाजूंना कौलारू दुकानं, त्यांच्यावर ठळक पाट्या, एका कडेला निंबाचं झाड, झाडाखाली टोपली घेऊन बसलेली बाई आणि अगदी पुढे सायकल धरून उभा असलेला पोस्टमन. उजवीकडे आजचा रस्ता होता, म्हणजे मोबाइलची दुकानं, एटीएम, तारांचं जाळं आणि मधोमध बसलेली गाय. ग्रुपमधली निम्मी माणसं नागपूर-पुण्यात राहतात आणि गावात फक्त लग्नांना येतात, त्यामुळे त्यांचं गावावर फार प्रेम आहे. रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. किती स्वच्छ होतं आपलं गाव, कागदाचा कपटा नाही रस्त्यावर, असं एकानं लिहिलं. रस्ता केवढा रुंद होता, आता बघा, असं दुसऱ्यानं. तिसऱ्यानं पोस्टमनमध्ये आपले आजोबा ओळखले आणि त्यांच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून हात जोडणाऱ्यांची दुसरी रांग लागली.

मी जेवत होतो. घास तोंडातच राहिला. रस्त्यावर कागदाचा कपटा नव्हता कारण माझ्या बापानं तो रंगवला नव्हता. डावीकडचा फोटो रस्त्याचा नाहीच, तो नाटकाच्या पडद्याचा आहे. पोस्टमन म्हणजे नाटकात पोस्टमनचं काम करणारा नट. सायकल तेवढी खरी, आणि तीही मागून आणलेली. हे सगळं लिहून टाकावं म्हणून माझी बोटं शिवशिवायला लागली. माझा हा लहानपणापासूनचा रोग आहे. शाळेत खिडकीची काच कोणी फोडली असं गुरुजींनी विचारलं की मी उभा राहायचो. मी फोडलेली नसायची, पण फुटताना पाहिली होती आणि आनंद झाला होता, हे सांगितल्याशिवाय मला बसवत नसे. माझी माय म्हणायची, या पोट्ट्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

बाबा पडदे रंगवायचे. थंडी सुरू झाली की झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात आणि त्या सगळ्या कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा. त्यामुळे दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्या घरात माणसं कमी आणि पडदे जास्त असायचे. अंगणात मांजरपाटाचे मोठे मोठे तुकडे शिवून पसरलेले. चुलीवर एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला रंगात घालायचा सरस शिजत असायचा. सरसाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. ज्यानं घेतला आहे त्याला सांगायची गरज नाही. आम्ही राजवाड्याच्या कोपऱ्यावर बसून जेवायचो. जंगलाचा पडदा वाळला की माय त्यावर मिरच्या पसरायची. शेजाऱ्यांच्या बकरीनं एकदा कैलासावर लेंड्या टाकल्या, तेव्हा बाबा त्या झाडून म्हणाले की शंकराला याची सवय असेल. समोरच्या माडीवर तालमी चालायच्या. दिवसभर पेटीवर एकच चाल घासली जायची, मध्येच रेल्वेची शिट्टी आणि त्यानंतर कोणीतरी खच्चून “नीच माणसा!” असं ओरडायचं. आमच्याकडे आलेले नवे पाहुणे दचकायचे. आम्ही भात कालवत राहायचो.

बाबा हात चालवायला हुशार आणि बाकी सगळ्या बाबतीत आळशी होते. घरावरचं कौल फुटलं तर ते बदलायला त्यांना पुढचा पावसाळा लागायचा, पण पडद्यावरचं छप्पर मात्र कौलाकौलानं रंगवायचे. त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, स्टेशन रोडवर बसायची. आमचं घराणं तळ्यातलं, म्हणजे मासे आणि सिंगाडे. तिच्या टोपलीत हंगामाप्रमाणे उकडलेले सिंगाडे किंवा सुकवलेले झिंगे, म्हणजे तळ्यातली बारीक कोळंबी, असायचे. झिंग्यांचा वास स्टेशनपर्यंत जायचा. उतरलेले प्रवासी रस्ता विचारायचे तेव्हा लोक सांगायचे, वास येते तिकडं जा, तिथून डावीकडं वळा. आत्या नवरा गेल्यापासून तिथं बसत होती, कडक उन्हात, पदराची घट्ट गाठ हनुवटीखाली मारून. तिला कोणी बोललं तर ती दुप्पट बोलायची, आणि कोणी बोललं नाही तर स्वतःहून सुरू व्हायची. घरी जाताना उरलेले झिंगे आमच्याकडे द्यायची. माय ते वांग्यात घालायची आणि त्या भाजीवर मी आजही जीव टाकतो, जरी डॉक्टरांनी मला भाताबद्दल आणि एकूणच जगण्याबद्दल बऱ्याच सूचना दिलेल्या आहेत.

एका वर्षी एका कंपनीला रस्त्याचा पडदा हवा होता. असा पडदा बहुतेक नाटकांत लागतोच, कारण नायिकेला कुठेतरी छेडायचं असतं आणि नायकाला कुठेतरी मारामारी करायची असते. बाबांनी आमचाच स्टेशन रोड रंगवायला घेतला. ही बातमी रस्त्याला कळली आणि आमचं अंगण भरून गेलं. प्रत्येकाला आपली पाटी पडद्यावर हवी होती, कारण पडदा गावोगाव फिरणार, सगळी झाडीपट्टी तो पाहणार. जिलेबीवाले शामराव रोज गरम जिलेबी घेऊन यायचे आणि आपल्या दुकानासमोर, म्हणजे पडद्यावरच्या, उभे राहून पाटी अजून वितभर वाढवा म्हणायचे. सायकलवाल्याला पाटी मिळाली नाही म्हणून त्यानं पंक्चर काढायला नकार दिला. मग त्यालाही मिळाली. पाट्या बसेनात तेव्हा बाबांनी रस्ताच रुंद केला. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी कडेला आत्या रंगवली आणि तिच्यावर एक भलं मोठं निंबाचं झाड. रस्त्यावर तिथं झाड नव्हतं. सायकलवाल्यानं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, रस्त्याच्या पडद्याला एक झाड लागतेच, खलनायक ऐकायला कुठी उभा राहीन? हे सर्वांना पटलं.

पडदा टांगून झाल्यावर बाबांनी स्टुडिओवाल्याला बोलावून त्याचा फोटो काढून घेतला, पुढच्या कंपन्यांना नमुना दाखवायला. नेमका पोस्टमनचा वेष केलेला नट सायकल घेऊन मध्ये आला आणि हटेना. फोटो काळापांढरा, थोडा हललेला. त्यात पडदा दिसत नव्हता, रस्ताच दिसत होता. खालच्या कोपऱ्यात बाबांचं नाव तेवढं होतं, मोठ्या वळणदार अक्षरात.

त्यानंतर काही काळानं खरा रस्ता रुंद करायचं ठरलं. नाली खोदायची म्हणून बांधकाम खात्याचे साहेब आले आणि त्यांच्या माणसांनी चुन्याची रेषा मारली. ती रेषा सरळ आत्याच्या बसायच्या जागेवरून गेली. दुकानदारांकडे काही ना काही कागद होते. आत्याकडे टोपली होती. साहेब वाईट नव्हते. ज्या लोकांची जुनी बसायची जागा आहे त्यांना सोडू, पण काहीतरी दाखवा, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर सोमवारपासून खोदकाम. आत्यानं आयुष्यात एकच गोष्ट केली होती, त्या जागी बसणं, आणि बसण्याची पावती कोणी देत नाही. ती आमच्याकडे आली, भिंतीला टेकून बसली आणि गप्प राहिली. आत्या गप्प आहे हे पाहून माय घाबरली.

फोटोची आठवण शामरावांना झाली. मला वाटतं, त्यांच्या मनात आत्याइतकीच त्यांची पाटी होती, कारण त्या फोटोत त्यांचं दुकान खऱ्यापेक्षा दीडपट होतं. पण विचार सगळ्या रस्त्याला आवडला. बाई तर तिथं बसतेच ना, मग फोटो खोटा कसा, असं सायकलवाला म्हणाला. मायनं कात्री घेतली आणि कोपऱ्यातलं बाबांचं नाव कापून टाकलं. बाबा ते पाहत राहिले. आयुष्यभर त्यांचं काम कोणी खरं समजलं नव्हतं आणि आता समजणार होते, तर त्यावर नाव नव्हतं. चहा घेतला नाही त्यांनी त्या दिवशी. मग माय आम्हा दोघांकडे वळली. गावात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागेल, म्हणाली, भेव आहे ते ह्या दोघांचं. एकाले नाव पाहिजे आन् एकाले खरं पाहिजे. दोघंही घरीच बसा.

मी अकरावीत होतो आणि साहेब फोटो तपासायला आले त्या दिवशी घरीच बसलो असतो. पण दुपार झाली आणि आत्या सकाळपासून आपल्या जागेवर उपाशी बसून होती, आणि माय स्वतः रस्त्यावर पहारा करायला गेली होती. आत्याला डबा न नेणं हे माझ्या मनावर येऊन बसलं. त्या वयात माझ्या मनावर काहीही येऊन बसत असे. मी डबा घेऊन गेलो.

स्टेशन रोडवर जत्रा भरली होती. साहेब हातात फोटो धरून रस्त्यावर मागेपुढे चालत होते आणि तो कुठून काढला असेल ती जागा शोधत होते. ते मागे सरकले की अख्खा रस्ता त्यांच्याबरोबर मागे सरकायचा. फोटोत दोन्ही बाजूंची दुकानं समोरून दिसत होती, जे देवालाही शक्य नाही, त्यामुळे साहेब मागे जात जात सायकलवाल्याच्या टायरांत बसले. उठून त्यांनी पँट झटकली, फोटोकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

“हे झाड कुठे गेलं?” त्यांनी विचारलं.

वादळात पडलं, असं शामराव म्हणाले. त्याच वेळी सायकलवाला म्हणाला की वीज पडली. मागून कोणीतरी उधईनं पोखरलं म्हणालं, आणि आणखी एकानं शहाणपणा करून ते झाड त्याच्या मामानं तोडलं आणि मामाला शिक्षा झाली असं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“एकच झाड किती प्रकारांनी पडलं,” ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मी डबा छातीशी धरून उभा होतो आणि मला घाम फुटला होता. माय माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. गर्दीच्या मागे, घरी बसायला सांगितलेले बाबाही उभे होते. फोटो लोकांच्या हातात पाहायला आले होते, दुसरं काय. साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि एवढा का घाबरलास म्हणून विचारलं. मी अजूनही सांगू शकतो की माझा विचार गप्प राहण्याचा होता. पण तोंड माझं होतं.

“साहेब, हा रस्ता नाही. पडदा आहे. नाटकाचा. माझ्या बाबांनी रंगवलाय.”

शामरावांच्या कढईतलं तेल तेवढं आवाज करत होतं. माझी माय माझ्याकडे पाहायचं थांबली, जे डोळे वटारण्यापेक्षा वाईट होतं. साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि पोस्टमनकडे बराच वेळ पाहिलं. मग ते आत्याकडे वळले. म्हणजे बाई, तुम्ही इथं बसत नव्हता?

आत्या उठली नाही. गुडघा वर, एक हात टोपलीवर, तशीच बसून राहिली.

“पडदाच होये जी,” ती म्हणाली. “पोट्टा खरं सांगून राह्यला. त्याले लहानपणापासून बिमारी हाय. आन् झाड इथी कधीच नव्हतं. मी उन्हातच बसून राह्यली इतके वर्सं. हा तिकडं मागं लपला ना, तो माह्या भाऊ होये. येता-जाता त्याले दिसे, बहीण उन्हात बसली हाय. दर साली म्हणे, बाई, तुले एक ताडपत्री बांधून देतो. त्याच्यानं तेवढंही झालं नाई. मंग त्यानं पडद्यावर झाड रंगवून देल्लं.”

सगळ्यांनी मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबांनी कढईकडे पाहिलं. खलनायकाच्या लपण्याची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली होती आणि आम्ही सगळे ती खरी धरून बसलो होतो. मी तर जास्तच.

“ताडपत्री का नाही बांधली?” साहेबांनी विचारलं.

“विसरून जातो जी,” बाबा म्हणाले.

साहेबांनी फोटो पुन्हा उचलला आणि आत्याच्या समोर उकिडवे बसले. फोटोतली बाई पाहायचे, समोरची बाई पाहायचे. डावा गुडघा वर, उजवा हात टोपलीच्या काठावर, हनुवटीखाली पदराची गाठ, अगदी टोपलीची एका बाजूनं तुटलेली किनारसुद्धा. हे असं रोज येता-जाता पाहिल्याशिवाय कोणाला रंगवता येत नाही, हे मला आज कळतं; तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की साहेबांच्या बुटाखाली चुन्याची रेषा आहे. ते उठले. “झाड सोडलं तर बाकी जमतं,” म्हणाले, आणि बुटानं ती रेषा घासून पुसली. त्यांच्या माणसानं नवी रेषा मारली, आत्याला वळसा घालून. मग साहेबांनी सिंगाडे घेतले. जाता जाता बाबांना म्हणाले, आता तेवढं झाड लावून टाका.

ते गमतीनं म्हणाले होते. पण बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणा सरकारी माणसानं काही काम सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते कुठूनतरी निंबाचं रोपटं घेऊन आले, त्याभोवती काटे लावले आणि रोज पाणी घालायला लागले. ज्या माणसानं घरचं कौल बदललं नाही त्यानं. पुढे रोपटं सरळ वाढायला लागलं तर त्यांना ते पटेना. पडद्यावरचं झाड आत्याच्या बाजूला झुकलेलं होतं. मग त्यांनी सुतळी बांधून ते तिकडे ओढून धरलं. लोक विचारायचे, काय गा, झाडाले फाशी देऊन राह्यला का? बाबा म्हणायचे, पडद्याशी जमलं पाहिजे.

मी खरं बोललो म्हणून जागा वाचली, असं माझं काही दिवस मत होतं. ते मी आत्याजवळ बोललोही. ती म्हणाली, तुह्या खऱ्यानं नाई रे बाबू, तुह्या बापाच्या आळसानं वाचली. दुसरा साहेब असता तर तू मले नालीतच बसवलं असतं. त्या दुसऱ्या साहेबाचा, जो कधी आलाच नाही, विचार करून मी पुढे कितीतरी वर्षं अस्वस्थ होत राहिलो. आत्या मात्र त्याच जागी, हळूहळू आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग डोक्यावर सावली येत गेली तशी बसत राहिली, आणि शेवटी शेवटी तर दुपारी तिथंच झोपायची.

आता ते सगळे गेले. बाबा, माय, आत्या, शामराव. त्यांची दुकानं, त्या वितभर वाढवलेल्या पाट्या, सायकलवाल्याचे टायर, काहीच उरलं नाही. पडदा कुठल्याशा गावात पावसात भिजून कुजला. ग्रुपवरचे ते दोन फोटो मी रात्रभर पुन्हा पुन्हा पाहिले. उजवीकडच्या फोटोत, तारांच्या जाळ्यामागे, ते निंबाचं झाड उभं होतं, तिकडेच झुकलेलं. आणि खाली लोकांनी तेच लिहायला सुरुवात केली होती. सगळं बदललं, झाड तेवढं तसंच आहे. शंभर वर्षांचं असेल. माझे आजोबा या झाडाला बैल बांधायचे, असं एकानं लिहिलं होतं. त्याचे आजोबा मला माहीत होते. त्यांच्याकडे बैल नव्हता.

सकाळी मी न राहवून सगळं लिहिलं. चांगलं लांबलचक लिहिलं. पडदा, नट, कात्री, झाड. पोस्टमनच्या नातवानं विचारलं की मग माझे आजोबा कोण होते. ग्रुपच्या ॲडमिननं भावना दुखावू नका असं लिहिलं आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं. मी त्याला फोन करून माफी मागितली. त्यानं मोठ्या मनानं मला परत घेतलं. वरती पाहिलं तर माझा मजकूर कोणीतरी पुसला होता आणि झाडाची शंभरी साजरी करायची चर्चा चालू होती.

संध्याकाळी मी स्टेशन रोडला गेलो. नाली अजून तिथं वळसा घेते. नवीन इंजिनिअरांना तो का आहे ते कळत नाही, पण सरळ करायला कोणाला वेळ नाही. खोडावर सुतळीचा वळ आहे, सालीनं जवळजवळ गिळलेला. आत्याच्या जागेवर एक पोरगी मोमोची गाडी लावते. स्टुलावर बसली होती, पायांपर्यंत सावलीत. मी मोबाइल काढला आणि त्या साहेबांसारखा मागे मागे सरकायला लागलो.

“काका, थोडं अजून मागं व्हा,” ती म्हणाली, “नाई तं झाड पूर्ण येत नाई. सकाळपासून लोक येऊन राह्यले फोटो काढाले. लई जुनं झाड होये म्हणते. तुमच्याही जनमाच्या आधीचं असन, नाई?”

सवयीनं माझं तोंड उघडलं. झाडाचं वय, पडदा, ताडपत्री, सगळं जिभेवर आलं. ती उत्तराची वाट पाहत होती, डावा गुडघा वर घेऊन, एक हात भांड्याच्या काठावर ठेवून.

“हो,” मी म्हणालो, आणि एक प्लेट मागवली. मोमो फार गरम होते. जीभ भाजली. ते मला योग्यच वाटलं.